पाठीवर पाच नको: बिली मॅकनीलच्या १९६७ च्या शर्टाच्या रेप्लिका, उलट्या करून पाहिलेल्या

'लिस्बन १९६७' या नावाने ऑनलाइन विकला जाणारा, स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या सेल्टिक या फुटबॉल क्लबचा शर्ट उघडून बघा. पाठीवर मोठा ५, त्यावर मॅकनीलचं नाव, छातीवर चार पाकळ्यांचं चिन्ह आणि त्या चिन्हाच्या डोक्यावर सोनेरी तारा. दिसायला झकास. आणि चारही गोष्टी चूक.

२५ मे १९६७ ला लिस्बनच्या नॅशनल स्टेडियममध्ये इंटर मिलानला २-१ हरवून सेल्टिकचा कॅप्टन बिली मॅकनीलने युरोपियन कप (आजची चॅम्पियन्स लीग) उचलला, तेव्हा त्याच्या पाठीवर नुसते हिरवे-पांढरे पट्टे होते. पाचाचा आकडा होता शॉर्ट्सवर. सेल्टिकने १९६० पासून आकडे शॉर्ट्सवर घातले, कारण क्लबचे अध्यक्ष रॉबर्ट केली यांना पट्ट्यांवर आकडा अजिबात खपत नव्हता. युरोपातल्या सामन्यांसाठी पाठीवर आकडा घालावा लागला तो १९७५ पासून, आणि स्कॉटिश लीगमध्ये थेट १९९४ साली. मॅकनील शेवटचा सामना खेळला ३ मे १९७५ ला, एअरड्रीविरुद्धचा स्कॉटिश कप फायनल. म्हणजे पाठीवर आकडा आला तोवर कॅप्टन निवृत्त झालेला होता. छातीवरचं चिन्ह १९७७ मध्ये आलं, प्रायोजकाचं नाव १९८४ मध्ये. तारा तर त्या युरोपियन कपचीच खूण. कप उचलायच्या आधीच तो शर्टावर कसा असेल? शर्ट अंब्रोचे होते, पण छातीवर अंब्रोचंही चिन्ह नव्हतं.

हा काथ्याकूट कशासाठी, असं प्रीमियर लीगपासून फुटबॉल पाहायला लागलेल्यांना वाटेल. पण हा शर्ट घेणारा माणूस बहुधा कॅप्टनच्या आठवणीसाठी घेत असतो, आणि त्या आठवणीत तपशीलच सगळं आहेत. मॅकनील १९५७ मध्ये सेल्टिकला आला, १९६३ मध्ये कॅप्टन झाला, ७९० सामने खेळला आणि एकाही सामन्यात त्याला बदली खेळाडूसाठी बाहेर काढलं गेलं नाही. लागोपाठ ९ लीग, ७ स्कॉटिश कप, ६ लीग कप आणि लिस्बन. युरोपियन कप उचलणारा तो पहिला ब्रिटिश कॅप्टन. लिस्बनचे अकराही जण ग्लासगोच्या तीसेक मैलांच्या परिसरात जन्मलेले. आता बाजारातल्या मालाकडे येऊ.

बाजारात ढोबळमानाने तीन जाती मिळतात. एक, क्लबच्या परवान्याने निघणारा रेट्रो शर्ट. दोन, जुन्या धर्तीचे जाड सुती शर्ट शिवणाऱ्या छोट्या कंपन्यांचा माल. तीन, पॉलिएस्टरवर पट्टे छापलेला स्वस्त शर्ट, जो आपल्याकडच्या ऑनलाइन दुकानांत सर्वांत आधी समोर येतो. गंमत अशी की परवाना असलेला माल सर्वांत बिनचूक असेलच असं नाही. परवाना म्हटला की काही आवृत्त्यांत छातीवर क्लबचं चिन्ह येतं, आणि १९६७ च्या शर्टावर तेच नको आहे. अस्सलपणा हवा असेल तर छाती कोरी असलेली आवृत्ती शोधा. परवान्याचं लेबल आत मानेजवळ किंवा खालच्या कडेच्या शिवणीत असतं, तिथे असायला कुणाची हरकत नाही.

शर्ट हातात आला की पहिलं काम, तो उलटा करणं. बाहेरून तिन्ही जाती फोटोत सारख्याच दिसतात, आतून पितळ उघडं पडतं. धागा आधी रंगवून मग पट्टे विणलेले असतील तर आतली बाजू बाहेरच्या इतकीच हिरवी असते. छापील शर्ट आतून पांढराफटक किंवा फिकट पोपटी दिसतो. दुसरी परीक्षा: हिरव्या पट्ट्यावर दोन अंगठे ठेवून कापड ताणा. छापील पॉलिएस्टर ताणलं की विणीच्या फटींतून पांढरे ठिपके डोकावतात, रंगीत धाग्याचं विणकाम ताणूनही हिरवंच राहतं. कोपरावर आणि पोटावर हाच फरक अंगात घातल्यावर दिसतो. थोडं पोट सुटलेल्या माणसाने छापील शर्ट घातला की मधले तीन पट्टे धुवट दिसतात, त्यात रंगाचा दोष नसतो, ताणाचा असतो.

मग बगलेखालची शिवण बघा. पट्टे अंगाभोवती फिरणारे आहेत, म्हणूनच त्यांना 'हूप्स' म्हणजे कडी म्हणतात. १९०३ च्या आधी सेल्टिकचे पट्टे उभे होते. कडं हे कडंच दिसायला हवं. पुढचा हिरवा पट्टा मागच्या हिरव्या पट्ट्याला बाजूच्या शिवणीवर भिडला पाहिजे. दोन-तीन मिलिमीटरचा फरक चालतो. त्यापेक्षा जास्त असेल तर कापड घाईत कापलेलं आहे, आणि अशा शर्टाचा बाकीचा टाकाही बहुधा घाईतलाच असतो. बाही छातीला जुळते का तेही पाहा: हात सरळ खाली सोडल्यावर दंडावरचा पट्टा छातीच्या पट्ट्याच्या रेषेत यायला हवा. हे सर्वांत कठीण काम, त्यामुळे कारागिराची खरी परीक्षा इथेच. छापील मालात आणखी एक भानगड होते. साइज वाढवताना शर्टाचं चित्रच ताणून मोठं केलेलं असतं, मग एक्सएक्सएलचे पट्टे एमपेक्षा रुंद होतात. टेप लावून हिरवा आणि पांढरा पट्टा मोजा. दोन्ही समान आले पाहिजेत.

कापडाच्या वजनाबद्दल विक्रेता जीएसएम सांगतो, म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं वजन ग्रॅममध्ये. छापील पॉलिएस्टर १३० ते १५० च्या आसपास येतं. साधा चांगला सुती टी-शर्ट १८०. जुन्या धर्तीच्या शर्टाला २०० ते २४० हवं, तरच तो खांद्यावरून सरळ खाली पडतो आणि अंगाला चिकटत नाही. २४० चा शर्ट मे महिन्यात नागपुरात घालणं म्हणजे शिक्षाच. लांब बाहीचा तर नकोच. मुंबई-गोव्याच्या दमट हवेत जाड सुती कापड घाम शोषतं खरं, पण वाळायला दोन दिवस घेतं. ग्लासगोला शिकायला गेलेल्या मुलांनी मात्र बिनदिक्कत जाड आणि लांब बाहीचा घ्यावा, तिथल्या एप्रिलमध्ये आत थर्मल घालायलाही जागा राहील इतका सैल.

गळा गोल असतो, रिबचा, म्हणजे ताणणाऱ्या उभ्या विणीच्या पट्टीचा. इथे बहुतेक रेप्लिका वर्षभरात दगा देतात, त्याची कारणं दोन. रिब शंभर टक्के सुती असेल आणि तिच्यात थोडासाही लवचीक धागा नसेल, तर डोकं आत-बाहेर जाऊन ती सैल होते आणि पुन्हा आवळत नाही. दुसरं, ओला शर्ट हँगरला अडकवून वाळवणं. पाण्याने जड झालेलं दोनशे चाळीसचं कापड खांद्यातून ओढत राहतं आणि गळा होडीसारखा पसरतो. घेताना गळा दोन हातांनी ताणून सोडा. झटकन मूळ आकारात आला तर ठीक. मागच्या बाजूला, एका खांद्यापासून दुसऱ्यापर्यंत गळ्याच्या शिवणीवर कापडी पट्टी लावलेली असेल तर तो शर्ट टिकतो. नुसतं ओव्हरलॉक मारून सोडलेलं असेल तर मानेला टोचतोही.

साइजच्या बाबतीत लेबलवर विश्वास ठेवू नका. जुन्या धर्तीच्या शर्टात छाती अरुंद आणि लांबी आखूड ठेवायची पद्धत आहे, आणि आपल्याकडचा एल तिकडच्या एमशी जुळेलच असं नाही. घरातला अंगाला नीट बसणारा टी-शर्ट सपाट पसरा, बगलेपासून बगलेपर्यंत मोजा, आणि विक्रेत्याच्या तक्त्यातल्या त्याच मापाशी ताडून पाहा. सुती असेल तर ३ ते ५ टक्के आटणं धरा. ७२ सेंटिमीटर लांबीचा शर्ट पहिल्या धुण्यानंतर ६९ वर आला तर तक्रार करण्यात अर्थ नाही, कापडाचा स्वभावच तो. 'आधीच आटवलेलं' असं लिहिलेलं असेल तरी एखादा सेंटिमीटर जातोच. दोन साइजमध्ये अडकलात तर मोठी घ्या.

आता आकडा. हा शर्ट मॅकनीलचा व्हायचा तर शॉर्ट्स हवीच, नाहीतर तो गोलकीपर सोडून उरलेल्या दहांपैकी कुणाचाही शर्ट आहे. सिम्प्सन १, क्रेग २, गेमेल ३, मरडॉक ४, मॅकनील ५, क्लार्क ६, जॉन्स्टन ७, वॉलेस ८, चामर्स ९, ऑल्ड १०, लेनॉक्स ११. अकरा जणांच्या मित्रमंडळाने सामना एकत्र बघायला हा संच करायचा ठरवला तर एक गोष्ट आधीच कबूल करून घ्या: बसल्यावर कुणाचाच आकडा दिसणार नाही.

पांढरी शॉर्ट्स वेगळी घ्यावी लागते. चकचकीत पॉलिएस्टरची घेतलीत तर जाड सुती शर्टाखाली ती दुसऱ्याच जमान्यातली दिसते. सुती ड्रिल किंवा पॉपलिन, कमरेला नाडी किंवा रुंद इलॅस्टिक, बाजूला कुठलीही रेघ नाही. अशी तयार मिळत नसेल तर शिंप्याकडून शिवून घेणं स्वस्त पडतं. आकड्याची जागा आणि उंची लिस्बनच्या मैदानावरच्या फोटोवरून ठरवा. फोटोत आकड्याची उंची शॉर्ट्सच्या पायाच्या लांबीच्या किती भाग आहे ते मोजायचं आणि तेच प्रमाण आपल्या शॉर्ट्सवर घ्यायचं. शाळेच्या कबड्डीच्या बनियनवर असतो तसा कडेला काळी रेघ असलेला आकडा नको. साधा, जाड, एकरंगी.

तो लावायचे मार्ग तीन. सर्वांत टिकाऊ म्हणजे ट्विलच्या कापडात आकडा कापून दाट झिगझॅग टाक्याने शिवणं. आधी मागून चिकटणारं अस्तर इस्त्रीने लावा, नाहीतर शिवताना पाचाचं पोट सुरकुततं. पाचाच्या गोलाईत हे हमखास होतं, सरळ कडांच्या एकात किंवा चारात नाही. दुसरा मार्ग फ्लॉक, म्हणजे मखमलीसारखा उठाव असलेला आकडा. सुती कापडावर साधारण १६० अंशांवर १५ ते २० सेकंद दाबला की बसतो, आणि जुन्या शर्टाच्या बाजाला तो शोभतो. तिसरा विनायल, १५० अंशांच्या आसपास १५ सेकंद. पातळ, गुळगुळीत, थोडा प्लास्टिकसारखा. कोल्हापुरात तालमींच्या संघांच्या जर्सी छापणाऱ्यांकडे फ्लॉक आणि विनायल दोन्ही मिळतात. फक्त काम देताना 'पाठीवर नाही, शॉर्ट्सवर' हे दोनदा सांगा आणि कागदावर लिहून द्या. सवयीने हात पाठीकडेच जातो.

आणि ज्यांना एवढं सगळं सांगूनही पाठीवर पांढरा पाच हवाच आहे, त्यांच्यासाठी एक इशारा. छापील पॉलिएस्टरवर पांढरं विनायल १५०-१६० अंशांवर दाबलं की कापडातला हिरवा रंग उष्णतेने सुटून विनायलमध्ये शिरतो. दुकानातून निघताना आकडा पांढराशुभ्र असतो, दोन-तीन दिवसांत मेहंदी लागल्यासारखा पोपटी होतो. त्याला धुण्याचा उपाय नाही. रंग अडवणारा थर असलेलं खास विनायल १३० च्या आसपास दाबलं तर हे टळतं. छापणाऱ्याला हा प्रश्न विचारा. तो गोंधळला तर दुसरं दुकान गाठा. छापल्यावर चोवीस तास धुऊ नये, हे फ्लॉक आणि विनायल दोन्हींना लागू.

नाव छापण्याबद्दल. मॅकनीलचं टोपणनाव 'सीझर'. ते आलं अभिनेता सीझर रोमेरोवरून, पण दुकानदार बिनधास्त रोमन सम्राटाचं स्पेलिंग छापतात. रोमेरोच्या नावात एक 'ए' कमी आहे. ग्लासगोत तो जादा 'ए' घेऊन फिरलात तर वडीलधारे समर्थक थांबवून दुरुस्ती करतील, प्रेमाने, पण करतील. सर्वांत उत्तम म्हणजे नाव छापूच नका. १९६७ मध्ये कुणाच्याच शर्टावर नाव नव्हतं.

धुण्याच्या बाबतीत शत्रू एकच, हिरव्याचं पांढऱ्यावर उतरणं. पहिली दोन-तीन धुणी एकट्याने, उलटा करून, थंड पाण्यात. साबणाच्या पाण्यात भिजत घालायचा नाही. बादलीत तासभर पडलेला शर्ट हमखास रंग सोडतो आणि तो पांढऱ्या पट्ट्याच्या कडेला हिरवट सावलीसारखा बसतो. मीठ-व्हिनेगरने रंग पक्का होतो हे घरोघरी ऐकू येतं, पण आजच्या रंगांवर त्याचा भरवसा धरू नका. मशिनमध्ये रंग शोषून घेणारा कागद टाकला तर फायदा होतो. पांढरे पट्टे उजळावेत म्हणून नीळ घातलीत तर पांढरा निळसर होतो आणि शेजारच्या हिरव्यामुळे तो निळसरपणा दुप्पट जाणवतो. क्लोरीनच्या ब्लीचचं तर नावच नको, हिरव्यावर पिवळे डाग पडतात. पिळायचा नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचा, आणि सावलीत आडवा पसरून वाळवायचा. इस्त्री उलट्या बाजूने. फ्लॉकच्या आकड्यावर इस्त्री थेट टेकवली तर मखमल कायमची बसते.

किमतीबद्दल थोडक्यात. ब्रिटनमध्ये मोठ्यांच्या कपड्यांवर २० टक्के व्हॅट असतो. भारतात पाठवायच्या मालावर काही दुकानं तो वजा करतात, काही करत नाहीत, त्यामुळे पैसे भरण्याआधी पत्ता भारताचा टाकून किंमत बदलते का ते पाहा. वर कस्टम ड्युटी आणि कुरिअरवाल्याचं हाताळणी शुल्क दारात मागितलं जातं. ब्रिटनहून सुट्टीला येणाऱ्या कुणाच्या बॅगेतून मागवणं हा आपला राष्ट्रीय मार्ग आहेच.

शर्ट कधी घालायचा याचे समर्थकांचे दिवस ठरलेले आहेत. २५ मे लिस्बनचा. २२ एप्रिल मॅकनीलचा. २०१९ मध्ये त्याच दिवशी तो गेला, त्याला स्मृतिभ्रंश झाल्याचं घरच्यांनी २०१७ मध्ये सांगितलं होतं. तो गेल्यावर पाचच दिवसांनी, २७ एप्रिलला क्लबच्या मैदानावर, सेल्टिक पार्कवर, किल्मारनॉकविरुद्ध एकमेव गोल झाला तो ६७ व्या मिनिटाला, हेडरने, आणि मारणारा होता पाच नंबरचा योझो शिमुनोविच. सदुसष्ट आणि पाच. असं कुणी कथेत लिहिलं असतं तर संपादकाने कापलं असतं. ३ मे ला अंत्ययात्रा सेल्टिक पार्कवरून गेली, मॅकनीलच्या शेवटच्या सामन्याला त्या दिवशी बरोबर ४४ वर्षं होत होती.

स्टेडियमकडे जाणाऱ्या सेल्टिक वेच्या तोंडाशी कप उंचावलेला मॅकनीलचा ब्राँझचा पुतळा आहे, डिसेंबर २०१५ पासून. शिल्पकार जॉन मॅकेना. त्याच्या हातातला कप नीट बघण्यासारखा आहे. मोठ्या कानांचा, म्हणजे मोठ्या मुठींचा, हा कप लिस्बनमध्ये नवाकोरा होता, कारण जुन्या घडणीचा कप त्याच वर्षी मार्चमध्ये रेआल माद्रिदला कायमचा देऊन टाकला होता. म्हणजे आज चॅम्पियन्स लीगच्या फायनलला दिसतो त्या घडणीचा कप सर्वांत आधी उचलणारे हात मॅकनीलचे. रेप्लिका शर्टाबरोबर 'कपचं चित्र फुकट' देणारे विक्रेते कधी कधी जुन्या घडणीच्या कपाचं चित्र देतात. तेही परत करण्याजोगं.

२०१९ मध्ये याच पुतळ्याच्या पायाशी फुलं, स्कार्फ आणि शर्टांचा ढीग लागला होता. आठवणीच्या दिवशी तिथे काही ठेवायचं असेल तर स्कार्फ ठेवा, शर्ट नको. अॅक्रिलिकचा स्कार्फ ग्लासगोच्या पावसात टिकतो, सैल गाठ मारली की वाऱ्याने उडत नाही. सुती शर्ट तासाभरात भिजून लगदा होतो आणि नवा असेल तर हिरवं पाणी खालच्या फुलांवर गळतं. त्यातूनही शर्टच ठेवायचा ठरवलात तर किमान तीनदा धुतलेला ठेवा.

सेल्टिकशी आपला धागा याहून जुना आहे, हे जाता जाता. १९३६ मध्ये कोलकात्याच्या मोहम्मडन स्पोर्टिंगचा मोहम्मद सलीम सेल्टिकच्या राखीव संघातून दोन सामने खेळला, बुटांऐवजी पायांना पट्ट्या बांधून. त्याची रेप्लिका काढायची तर शर्टापेक्षा बँडेजचे दोन रोल पुरतील.

तर घ्यायचं काय? पैसे एकदाच खर्च करायचे असतील तर रंगीत धाग्याच्या विणकामाचा, २०० च्या वरचा, कोऱ्या छातीचा सुती शर्ट, आणि शिंप्याकडची पांढरी शॉर्ट्स शिवलेल्या पाचासह. परवान्याचा रेट्रो शर्ट चिन्हासकट मिळत असेल आणि चिन्ह भरतकामाचं असेल तर ते उसवायच्या भानगडीत पडू नका. टाके निघतात, भोकं राहतात, आणि त्या जागी कापड कधीच सपाट बसत नाही. छापील पॉलिएस्टर मुलांना मैदानात खेळायला द्यावा, त्यांना तो हलका पडतो आणि चिखलातून लगेच निघतो. लहान मुलाच्या शॉर्ट्सवर आकडा लावताना मात्र तो दोन सेंटिमीटर खाली घ्या, कारण शर्ट खाली लोंबतो आणि पाच झाकला जातो.